एका तैलचित्राच्या निमित्तानें

आमच्या धर्मगुरुनिवासांत, जिन्याच्या वळणावर, एक जुनें तैलचित्र टांगलेलें आहे. ज्युबिलीच्या ह्या वर्षांत ज्यांचें निवासांत येणें-जाणें झालें, त्यांनीं तें पाहिलेंच असेल. काळा झगा घातलेले एक वृद्ध फादर खुर्चींत बसले आहेत. उजेड डाव्या बाजूनें येतो, कपाळावर स्थिरावतो आणि पलीकडच्या कानाजवळ पोंचेपर्यंत सांवलींत विरून जातो. उजवा हात प्रार्थनेच्या पुस्तकावर आहे. डाव्या हाताच्या जागीं मात्र धुरकट, तपकिरी डाग आहे. हे फादर म्हणजे ह्याच पॅरिशचे एके काळचे विगार होत. चित्रकाराची सही चित्रावर कोठेंही सांपडत नाहीं.

ज्युबिली समितीच्या पहिल्याच सभेंत ह्या चित्राविषयीं दोन सूचना आल्या. एक अशी कीं, कोणा चित्रकाराकडून तो हात पुन्हां रंगवून घ्यावा. दुसरी अशी कीं, चित्र उतरवून त्या जागीं मोठें रंगीत छायाचित्र लावावें. दोन्ही सूचना प्रेमानें केलेल्या होत्या. आम्हीं दोहोंसही नकार दिला, व कांहीं मंडळींस वाईट वाटलें. सभेंत वेळ थोडा होता. नकाराचें कारण सविस्तर सांगणें हें आमचें कर्तव्य आहे, म्हणून ह्या स्मरणिकेंत ही जागा आम्हीं मागून घेतली.

प्रथम आमचा अपराध सांगतों. तो डाग आमच्याच हातचा आहे. सहा वर्षांपूर्वीं ह्या पॅरिशचा भार आम्हीं नुकताच स्वीकारला होता. सण जवळ आला होता व निवासाची साफसफाई चालली होती. मेणबत्त्यांच्या व धुपाच्या काजळीनें चित्र काळवंडलेलें दिसलें. आम्हीं बाह्या सरसावल्या, साबणाच्या पाण्यांत फडकें बुडविलें आणि खालच्या कोपऱ्यापासून पुसावयास आरंभ केला. फडकें तपकिरी होऊं लागलें, तसा आम्हांस आनंद झाला कीं, मळ निघत आहे. थोड्या वेळानें मागें सरून पाहतों तों फादरांचा डावा हात नाहीसा झालेला! फडक्यावर आला होता तो सगळा मळ नव्हता. त्यांत पुष्कळसा रंग होता. सेमिनरींत आम्ही तत्त्वज्ञान शिकलों, ईशज्ञान शिकलों. परंतु जें आपणांस ठाऊक नाहीं त्यास हात लावण्यापूर्वीं विचारावें, एवढें साधें ज्ञान त्या दिवशीं आमच्यापाशीं नव्हतें.

पुढें चौकशी करतां गिरगांवांतील एका वृद्ध चित्रशिक्षकांचा पत्ता लागला. ते आले, चष्मा कपाळावर चढवून चित्राजवळ पुष्कळ वेळ उभे राहिले, आणि एवढेंच म्हणाले, "फादर, हें कसें करतात तें तुम्ही आधीं शिका. मग काय करायचें तें आपण बोलूं." तेव्हांपासून दोन वर्षें, दर शनिवारीं दुपारीं, संध्याकाळच्या मिस्सेपूर्वीं, आम्ही त्यांच्या चाळींतल्या खोलींत विद्यार्थी म्हणून बसत असूं. खिडकी उत्तरेची होती. उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाहीं, म्हणून मुखचित्र काढणारे त्याच उजेडाची खिडकी शोधतात, ही आमच्या शिक्षणांतली पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट तेलाची. आम्हांस वाटे, तेलरंगही पाण्याच्या रंगासारखे वाळतात. तसें नाहीं. पाणी उडून जातें. जवसाचें तेल हवेंतील प्राणवायु शोषून हळूंहळूं घट्ट होतें व रंगाच्या कणांस आपल्यांत बांधून ठेवतें. ह्या क्रियेस वरवर कांहीं दिवस लागतात आणि आंतून महिनेच्या महिने. म्हणून नियम असा कीं, खालच्या थरांत तेल कमी असावें व वरच्या थरांत अधिक. उलट केलें तर वरचा थर आधीं आवळतो, खालचा मागाहून हलतो, व चित्रास भेगा पडतात. शिवाय कापडास आधीं सरस लावलेला असतो. साबणाचें पाणी एखाद्या भेगेंतून सरसापर्यंत पोंचलें कीं तो फुगतो आणि वरचा रंग सुटतो. अगदीं शेवटीं दिलेले पातळ, पारदर्शक थर तर सर्वांत दुबळे. फादरांच्या हातावरील सांवल्या तशाच थरांनीं घडविलेल्या होत्या. आमच्या फडक्यानें काय केलें, तें त्या दिवशीं आम्हांस उमगलें.

ही विद्या आली कोठून? युरोपांत फार दिवस समजूत होती कीं, १४४१ सालीं वारलेले फ्लांडर्सचे चित्रकार यान फान आइक यांनीं तेलरंगाचा शोध लावला. आतां तसें कोणी मानीत नाहीं. २००८ सालीं संशोधकांनीं दाखविलें कीं, अफगाणिस्तानांतील बामियानच्या गुहांत सातव्या शतकाच्या सुमाराच्या भित्तिचित्रांतही सुकणारें तेल वापरलेलें आहे. फान आइक व त्यांच्या मागून आलेल्या चित्रकारांचा मोठेपणा शोधांत नसून सिद्धींत आहे: त्यांनीं तेलाच्या पातळ थरांवर थर देऊन माणसाची त्वचा, डोळ्यांतलें पाणी व कपड्याची वीण ह्या सर्वांस हुबेहूब रूप दिलें.

आमच्या किनाऱ्यावर अशा मुखचित्रांची परंपरा गोव्यापासून सुरू झालेली दिसते. १५४७ सालीं व्हाइसरॉय दों जुआंव द कास्त्रु यांनीं आपल्या पूर्वींच्या सर्व अधिकाऱ्यांचीं चित्रें लांकडी फळ्यांवर काढवून घेतलीं. काम इतिहासकार गास्पार कोर्रैया यांच्या देखरेखीखालीं झालें, आणि रंगविणारा हात येथल्याच एका चित्रकाराचा होता. पुढें प्रत्येक नव्या व्हाइसरॉयाची भर पडत गेली. हीं चित्रें आज जुन्या गोव्याच्या संग्रहालयांत आहेत. परंतु पाहणाऱ्यानें लक्षांत ठेवावें कीं, दमट हवेंत खराब झालेलीं हीं चित्रें वेळोवेळीं "दुरुस्त" केलीं गेलीं, म्हणजे वरून पुन्हां रंगविलीं गेलीं. त्यामुळें कित्येक फळ्यांवर आपण पाहतों तो मूळ चेहरा नसून, मागाहून आलेल्या कोणा रंगाऱ्याची कल्पना असते. सद्‌भावनेनें केलेली दुरुस्ती कधीं कधीं विध्वंसाहून अधिक घातक असते. कारण विध्वंस डोळ्यांस दिसतो, दुरुस्ती दिसत नाहीं.

मुंबईंत ही विद्या शाळेच्या रूपानें आली. सर जमशेटजी जिजीभाई यांनीं एक लाख रुपये देऊं केले व १८५७ सालीं त्यांच्या नांवाची कलाशाळा सुरू झाली. तिची महात्मा फुले मंडईजवळची इमारत १८७८ ची. सरकारचा मूळ हेतु चित्रकार निर्माण करण्याचा नव्हता. येथील कारागिरांस रेखन व नक्षी शिकवून धंद्यांत सुधारणा करावी, एवढाच होता. पण शहरास निराळेंच हवें होतें. सभागृहें, रुग्णालयें, धर्मशाळा बांधल्या जात होत्या, आणि प्रत्येक दात्याचें चित्र दिवाणखान्यांत लागावें अशी इच्छा होती. मुखचित्र काढणाऱ्यास काम होतें. १८६५ सालीं आलेले जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांस घेऊन १८७२ पासून पुष्कळ वर्षें अजिंठ्याच्या चित्रांच्या तेलरंगांत नकला करविल्या. त्यांतल्या पुष्कळ नकला १८८५ सालीं लंडनमध्यें आगींत जळाल्या. परंतु त्या करतांना तयार झालेले हात शिल्लक राहिले. पेस्तनजी बोमनजी (१८५१–१९३८) हे त्यांतलेच एक. त्यांनीं रंगविलेले पारशी वृद्ध, त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यांवरचा उजेड, हें मुंबईच्या मुखचित्रकलेचें पहिलें पक्व फळ होय.

शिक्षणाची पद्धति कडक होती. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० सालीं ह्या शाळेंत आले व पुढें तेथेंच अध्यापक झाले. त्यांनीं "कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें" ह्या १९४० सालच्या पुस्तकांत आपल्या आयुष्याची हकीकत लिहून ठेवली आहे. त्या काळीं मुलानें आधीं सपाट नमुन्यावरून रेखन करावें, मग प्लॅस्टरच्या ग्रीक पुतळ्यांवरून छायाप्रकाश शिकावा, आणि मगच जिवंत माणसाकडे वळावें, असा क्रम असे. जिवंत नमुना बसवून अभ्यास करण्याचा वर्ग कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या अमदानींत, १९१९ च्या सुमारास, व्यवस्थित सुरू झाला. शाळेबाहेरही शिकण्याची ओढ होती. राजा रविवर्मा यांनीं तरुणपणीं, १८६८ सालीं, त्रावणकोरच्या दरबारांत थिओडोर जेन्सन नांवाच्या चित्रकाराचें काम नुसतें पाहून तेलरंग आत्मसात केले. आणि त्याच रविवर्मांचा छापखाना १८९४ सालीं गिरगांवांत निघाला. त्याच्या छापील देवादिकांच्या चित्रांनीं चाळीचाळींत तेलरंगाच्या उजेडाची ओळख करून दिली. पुढें सावळाराम हळदणकर यांनीं मुंबईंत व एम्. आर्. आचरेकर यांनीं दादरास स्वतःचे वर्ग काढून कामगारवस्तींतल्या मुलांसही ही वाट मोकळी केली. आमचे गुरुजी ह्याच वाटेनें आलेले. परळच्या गिरणींत पाळी संपवून संध्याकाळीं पुतळे रेखाटावयास जाणारा तो मुलगा होता.

ह्या परंपरेंत आपल्या समाजाचा एक मोठा मनुष्य आहे, व त्याचें नांव आपल्या मुलांस ठाऊक नाहीं, ह्याचा आम्हांस खेद वाटतो. आंतोनियु झेवियर त्रिंदाद यांचा जन्म १८७० सालीं गोव्यांत झाला. ते जे. जे. कलाशाळेंत शिकले व तेथेंच शिक्षक झाले. लोक त्यांस पूर्वेचे रेम्ब्रांट म्हणत. १९२० सालीं बॉम्बे आर्ट सोसायटीचें सुवर्णपदक त्यांस ज्या चित्राबद्दल मिळालें, त्यांत विश्रांति घेत असलेली स्त्री म्हणजे त्यांची पत्नी फ्लोरेंतिना. धनिकांचीं चित्रें त्यांनीं पोटासाठीं काढलीं. पण पत्नी, मुली, फकीर, घरचीं साधीं माणसें हीं पुन्हां पुन्हां काढलीं, व तेथें त्यांचा ब्रश सर्वांत मोकळा झाला. उतारवयांत मधुमेहानें त्यांच्या शरीरावर घाला घातला, दृष्टीसही इजा झाली. तरी ते १९३५ सालीं वारले तोंपर्यंत चित्र काढणें सुटलें नाहीं. त्यांची कन्या आंजेला (१९०९–१९८०) हिनें त्याच शाळेंत शिक्षण घेऊन पवित्र मरिया मातेस व ख्रिस्तजन्मास भारतीय वेषांत रंगविलें. पितापुत्रींचीं पुष्कळ चित्रें आज पणजी येथें फुंदासांव ओरिएंत ह्या संस्थेंत पाहावयास मिळतात. गोव्यास जाणाऱ्या यात्रेकरूंनीं जुन्या गोव्याचें दर्शन झाल्यावर एक तास तेथें अवश्य घालवावा.

आतां आमच्या शिक्षणाकडे वळतों. पहिले सहा महिने गुरुजींनीं आम्हांस रंग दिलाच नाहीं. प्लॅस्टरचा एक कान, एक नाक व एक मुखवटा, एवढीं तीन दैवतें. कोळशानें काढावें, पुसावें, पुन्हां काढावें. डोळे बारीक करून पाहावें, म्हणजे बारकावे विरतात व सांवलीचे मोठे आकार तेवढे राहतात. चित्र नमुन्याच्या शेजारीं ठेवून दहा पावलें मागें जावें, दोन्ही एकदम पाहावीं, मग पुढें येऊन एकच रेघ ओढावी. चाळीच्या खोलींत दहा पावलें कोठून असणार! आम्ही दारांतून बाहेर गॅलरींत जात असूं, व शेजारचीं मुलें, "फादर उलटे चालतात," म्हणून हंसत.

मग रंग आले, तेही चारच: सफेता, पिवळी माती, हिंगूळ व काळा. आम्हीं विचारलें, "निळा नको?" गुरुजींनीं काळ्यांत सफेता मिसळून तो तांबूस रंगाशेजारीं लावून दाखविला, तो निळाच दिसूं लागला. रंग एकटा कधींच नसतो, शेजाऱ्यामुळें तो ठरतो, हा पाठ आम्हांस चित्राबाहेरही पुष्कळदां आठवतो. त्वचा रंगविण्याचा क्रम असा: प्रथम तपकिरी पातळ रंगांत सांवल्यांचे आकार मांडावे; ते वाळल्यावर उजळ भाग जाड रंगानें बांधावे; सांवली मात्र पातळच ठेवावी, म्हणजे ती खोल दिसते. उजेड व सांवली ह्यांच्या मध्यें जी अर्धछाया असते, तींतच माणसाची ओळख असते. नवशिका उजेडास अधिक उजेड व काळोखास अधिक काळोख देतो आणि ही मधली जागा विसरतो. म्हणून त्याचीं चित्रें पुतळ्यांसारखीं दिसतात. आणि पावसाळा! जून लागला कीं कापड सैल पडतें, रंग आठवडेच्या आठवडे चिकट राहतो, मागच्या बाजूस बुरशी धरते. ही विद्या थंड देशांत वाढली असली, तरी मुंबईच्या चित्रकारांनीं ती मुंबईच्या हवेंत टिकविली, ह्याचें मोल तेव्हां कळलें.

दुसऱ्या वर्षीं गुरुजी म्हणाले, "आतां माणूस आणा." आम्हीं पॅरिशमधील एका वृद्ध मावशींस विनंति केली. त्या रोजच्या सकाळच्या मिस्सेस तिसऱ्या बाकावर बसत. चार वर्षें आम्हीं त्यांस जवळजवळ नित्य पवित्र ख्रिस्तशरीर दिलें होतें. त्या लुगडें नेसून आल्या, खिडकीजवळ बसल्या, आणि म्हणाल्या, "फादर, माझ्यासारख्या म्हातारीचें काय काढतां?" आम्हीं काढावयास आरंभ केला, आणि लाज वाटली. त्यांची डावी पापणी उजवीहून खालीं आहे. हनुवटीखालीं एक जुना व्रण आहे. ओंठ मिटलेले असतांनाही एका कोपऱ्यांत किंचित् हंसूं राहतें. ह्यांपैकीं एकही गोष्ट आम्हीं पूर्वीं पाहिली नव्हती. चार वर्षें हा चेहरा आमच्या हातापासून वीतभर अंतरावर येत होता. आम्हीं ओंठ पाहिले, मनुष्य पाहिला नाहीं. अकरा शनिवार मावशी बसल्या. चित्र सामान्यच झालें. नाक कांहीं जुळलें नाहीं. पण त्यानंतर वेदीपाशीं रांगेंत येणारा प्रत्येक चेहरा आम्ही निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों, व हें शिक्षण आम्हांस कोणत्याही ग्रंथानें दिलें नव्हतें.

त्या चित्रावर गुरुजींनीं एकच शेरा दिला: "तुम्हांला जें माहीत होतें तें चुकलें, जें दिसलें तें बरोबर आलें." मुखचित्राची सारी शिस्त ह्या वाक्यांत आहे. डोळा बदामासारखा असतो हें आपणांस माहीत असतें, म्हणून आपण बदाम काढतों. समोरचा डोळा तसा नसतो.

आणि हेंच त्या तपकिरी डागाविषयींचें आमचें उत्तर आहे. शिक्षण संपल्यावर आम्हीं गुरुजींस विचारलें, "आतां हात काढूं या का?" ते म्हणाले, "कोणाचा?" आम्ही निरुत्तर झालों. त्या विगारांचा हात त्या अनामिक चित्रकारानें समोर बसून पाहिला होता. तो जाड होता कीं बारीक, थरथरत होता कीं स्थिर, बोटांत अंगठी होती कीं नव्हती, हें तो जाणत होता. आज कितीही कुशल मनुष्य आणला तरी तो आपल्या माहितींतला एक हात काढील; पाहिलेला हात काढणार नाहीं. आणि आणखी पन्नास वर्षांनीं कोणास शंकाही येणार नाहीं कीं तो हात दुसऱ्याचा आहे. गोव्याच्या फळ्यांवर हेंच झालें. राहिलेला रंग सुटूं नये म्हणून जाणकारांकडून जें करावयाचें तें आम्हीं करून घेतलें आहे. भर कांहींही घातलेली नाहीं. छायाचित्र लावून चित्र माळ्यावर टाकणें तर आम्हांस मुळींच पटलें नाहीं. कोणीएक चित्रकार त्या वृद्ध फादरांपुढें कित्येक दिवस बसला आणि त्यांच्याकडे पाहत राहिला, ह्याची साक्ष त्या भिंतीवर आहे. ती साक्ष छायाचित्र देत नाहीं.

पॅरिशमधील पुष्कळ जुन्या घरांत आजा-पणजांचीं अशीं चित्रें आहेत. त्यांच्यासाठीं चार गोष्टी सांगून हा लेख पुरा करतों. चित्रास पाणी, साबण, तेल, कापलेला बटाटा, ह्यांपैकीं कांहींही लावूं नये. धूळ असेल तर मऊ, कोरड्या ब्रशानें हलकेंच झाडावी. रंगाचे पोपडे उठलेले असतील तर तेंही करूं नये. बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीवर, दिव्याखालीं किंवा मेणबत्तीच्या वर चित्र टांगूं नये. आणि मागच्या बाजूस, चौकटीला दोऱ्यानें एक चिठ्ठी बांधावी: हे कोण, कोणाचे कोण, साधारण कोणत्या वर्षांतले. आमच्या विगारांच्या चित्रामागें अशी एक ओळ असती, तर आज त्या चित्रकाराचें नांव ह्या स्मरणिकेंत छापतां आलें असतें.

मावशींचें चित्र आम्हीं त्यांच्याच घरीं दिलें. गेल्या वर्षीं प्रभूनें त्यांस आपल्याकडे नेलें. तिसऱ्या बाकावरची ती जागा अजून पुष्कळदां रिकामी असते. ज्युबिलीच्या दिवशीं मिस्सेनंतर सर्व पॅरिशजनांनीं निवासांत यावें, जिन्याच्या वळणावर क्षणभर थांबावें, त्या वृद्ध विगारांकडे पाहावें, त्यांच्या व त्यांस रंगविणाऱ्या अनामिक चित्रकाराच्या आत्म्यास शांति मागावी. आणि डाग दिसेल तेव्हां आमच्यासाठींही एक प्रार्थना म्हणावी.